सकाळचा अर्धा तास कुणाचा?

मुलं मोठी झाली की आईला उसंत मिळते, असं ज्या कुणी म्हटलं असेल, त्याला एकदा सकाळी साडेसहा वाजता आपल्या ओट्यापाशी उभं करायला हवं. धाकट्याचा क्लास सातचा, थोरलीची ऑफिसची गाडी साडेसातची. एकाला डब्यात पोळी-भाजी नको, दुसरीला भात चालत नाही. त्यात ह्यांचा चहा, सासूबाईंच्या गोळ्या आणि नळ जायच्या आत भरायची पिंपं. लहान होती तेव्हा निदान रात्री नऊला झोपायची तरी. आता रात्री अकरा वाजता ‘आई, काही खायला आहे का गं?’ म्हणत फ्रिज उघडतात!

तेव्हा मैत्रिणींनो, ‘रोज अर्धा तास चालायला जा’ असं सांगायला मी आज बसले आहे खरी, पण तो अर्धा तास आणायचा कुठून, हा तुमचा प्रश्न मला आधीच ऐकू येतोय. म्हणून असं करू. आधी चालण्याबद्दल बोलू आणि मग त्या अर्ध्या तासाबद्दल. पहिली गोष्ट सोपी आहे. दुसरी जरा अवघड, पण तिच्यावाचून पहिलीला काही अर्थ नाही.

‘मी दिवसभर पायांवरच तर असते!’

हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकीनं केव्हा ना केव्हा म्हटलेलं असतं. माझ्या थोरल्या जाऊबाईही म्हणायच्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरल्याचं निमित्त झालं आणि खुब्याचं हाड मोडलं. कॉटवर पडल्या पडल्या त्या मला म्हणाल्या, “अगं, चाळीस वर्षं मी बसले कधी? मग हाडं कशी गं अशी ठिसूळ झाली?”

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आपण सगळ्यांनीच नीट समजून घ्यायला हवं. पाळी कायमची गेली की शरीरातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं आणि पुढची काही वर्षं हाडं भराभर विरळ होत जातात. हाड मजबूत राहायचं तर त्याच्यावर भार यावा लागतो आणि भोवतीच्या स्नायूंनी त्याला ओढ द्यावी लागते. ओट्यापाशी दोन तास उभं राहिलं की पाय भरून येतात, कंबर दुखते, पण छाती जराही धपापत नाही आणि मांड्यांना काही काम पडत नाही. म्हणजे दमणूक झाली, व्यायाम झाला नाही. दोन्हींत पुष्कळ अंतर आहे.

घरकाम अगदीच वाया जातं असंही नाही हं. जोर लावून फरशी पुसणं, हातानं चादरी धुणं, जिन्यावरून पाण्याच्या बादल्या नेणं हे सगळं हिशेबात धरतात. पण खरं सांगा, यातलं आज आपण स्वतः किती करतो? पाटा-वरवंटा गेला, मिक्सर आला. कपडे मशीनमध्ये जातात. शरीराचे कष्ट कमी झाले, डोक्याची दगदग मात्र तितकीच राहिली. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात २०२२ सालचा अंदाज दिला आहे. भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के आणि बायकांत ५७ टक्के! दिवसभर राबणाऱ्या बायकांच्या देशात हा आकडा यावा, यातच सगळं आलं.

किती आणि कसं चालायचं?

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलेलं प्रमाण असं: मोठ्या माणसानं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम करावा. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास चालणं झालं, तर आपण निदान खालच्या पायरीवर पोचलो. आणि हा अर्धा तास सलगच हवा असं नाही. दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे केले तरी चालतं. आपल्यासारख्यांना ही केवढी सोय आहे!

आता ‘मध्यम जोराचा’ म्हणजे किती? घड्याळ नको, यंत्र नको. चालताना शेजारणीशी बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये. गाणं म्हणता आलं तर चाल संथ आहे. बोलतानाच धाप लागली तर फार झालं. मोजायचंच असेल तर मिनिटाला शंभराच्या आसपास पावलं पडायला हवीत. अशी अर्धा तास चाललात की तीनेक हजार पावलं, म्हणजे साधारण दोन किलोमीटर होतात.

हल्ली मुलांनी आईच्या मोबाइलमध्ये पावलं मोजायची सोय करून दिलेली असते आणि मग ‘आई, दहा हजार झाली का?’ अशी चौकशी होते. ह्या दहा हजारांची गोष्ट गमतीची आहे. १९६४ साली टोकियोला ऑलिंपिक झालं. त्यानंतर जपानात चालण्याची लाट आली आणि १९६५ साली तिथे पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं. त्याचं नावच मुळी ‘दहा हजार पावलांचं मापक’ अशा अर्थाचं होतं. तिथून हा आकडा जगभर पसरला. पुढे २०१९ साली अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक वयस्कर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे २७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण पुष्कळ कमी दिसलं आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढत गेला नाही. तेव्हा दहा हजारांचा धसका घेऊन घरीच बसू नका. आज जेवढं चालता त्याहून हजार-दोन हजार पावलं जास्त, एवढं जमलं तरी पुष्कळ झालं.

आजीची शतपावली

जेवण झालं की शतपावली घालायची, असं आपल्या आज्या-पणज्या सांगत. आपण हसण्यावारी नेलं. पण जेवणानंतर पाय हलले की स्नायू रक्तातली साखर वापरू लागतात आणि जेवणानंतर ती जी उसळी मारते, ती कमी होते, हे आता नीट तपासून पाहिलेलं आहे. त्यासाठी भरभर चालायचीही गरज नसते. दहा-पंधरा मिनिटं रमतगमत चाललं तरी पुरतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीप्रमाणे देशात मधुमेहाची माणसं दहा कोटींच्या वर आहेत. ज्यांच्या आई-वडिलांना मधुमेह, किंवा ज्यांना गरोदरपणी साखर निघाली होती, त्यांनी तर रात्रीची भांडी दहा मिनिटं तशीच ठेवावीत आणि गच्चीत फेऱ्या घालाव्यात. भांडी कुठे पळून जात नाहीत.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असलेल्यांनी मात्र रिकाम्या पोटी लांब जाऊ नये. कमरेच्या पाकिटात साखरेच्या पुडीची किंवा दोन-चार गोड गोळ्यांची सोय असू द्यावी. आणि पायांना मुंग्या-बधिरपणा असेल तर गवतावरसुद्धा अनवाणी चालू नये. काटा रुतला तरी कळत नाही.

चालण्यानं काय होत नाही

तुमची फसगत होऊ नये म्हणून हेही सांगते. नुसत्या चालण्यानं वजन झरझर उतरत नाही. साठ किलो वजनाची बाई अर्धा तास चालली तर जेमतेम शंभर-सव्वाशे कॅलरी खर्च होतात. एका बटाटेवड्याची भरपाईसुद्धा त्यातून होत नाही! मग ‘महिनाभर चालले, काटा हलला नाही’ म्हणून आपण सोडून देतो. काट्याकडे बघू नका. जिना चढताना दम कमी लागतो का, झोप नीट येते का, पाळी जायच्या दिवसांतली ती विनाकारण चिडचिड थोडी निवळते का, हे बघा.

दुसरं म्हणजे, हाडांना आणि स्नायूंना चालणं एकटं पुरत नाही. आठवड्यातून निदान दोन दिवस जोर लागेल असं काही करावं. साधे तीन प्रकार सांगते. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठा-बसा. ओटा धरून टाचा उचला, सावकाश खाली आणा, पंधरा वेळा. भिंतीला तळवे टेकून जोर काढा, दहा वेळा. कुकरच्या तीन शिट्ट्या होईतो सगळं उरकतं. जोडीला आहारात नाचणी, तीळ, दूध-ताक असावं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं.

आणि ‘सकाळी सहाला चालते म्हणजे ड जीवनसत्त्व मिळतं’ हा समज काढून टाका. ते कोवळं ऊन सुखाचं खरं, पण त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण त्यात फारच कमी असतात. दहानंतरच्या उन्हात, कपडे वाळत घालताना हातांवर-पायांवर ऊन पडलं तर त्याचा उपयोग जास्त.

बूट, साडी आणि बाकीचं

चपला घालून चालायला जाऊ नका. टाचेला आधार नाही, अंगठ्यानं चप्पल धरून ठेवावी लागते आणि पोटऱ्या दुखतात. बूट घ्यायला संध्याकाळी जावं, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी मोकळी जागा हवी. मोजे सुती असावेत. ‘साडीवर बूट कसे दिसतील?’ तर दिसोत! कोल्हापुरात रंकाळ्यावर, साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या चढावर, पुण्यात पर्वतीच्या पायऱ्यांवर जाऊन बघा. साडी आणि बूट ही जोडी आता कुणाच्या नजरेतसुद्धा भरत नाही. साडीच नेसायची तर परकर घोट्याच्या चार बोटं वर असावा, म्हणजे पाय अडकत नाही.

सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येत असेल तर चढ-उतार आणि कडक रस्ता काही दिवस टाळा. पाण्याची बाटली फ्रिझरमध्ये गोठवून तळव्याखाली पाच-सात मिनिटं घोळवावी, आराम पडतो. गुडघे दुखतात म्हणून चालणंच बंद करू नये. सपाट मातीच्या मैदानावर, थोडं थोडं चालावं. चालून आल्यावर दोन तासांनंतरही ठणका राहिला तर दुसऱ्या दिवशी अंतर कमी करावं.

रस्त्याला पदपथ नसेल तर उजव्या बाजूनं चाला, म्हणजे समोरून येणारं वाहन दिसतं. पहाटे अंधार असेल तर फिक्या रंगाचे कपडे घाला. जड मंगळसूत्र घरी ठेवा. कुत्रं अंगावर आलं तर पळू नका. त्याच्याकडे रोखून न बघता स्तब्ध उभ्या राहा. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. हळद-चुना लावत बसू नका.

कुजबुजत सांगायची गोष्ट

भरभर चालताना, शिंकताना, हसताना लघवीचे थेंब जातात म्हणून कितीतरी बायका चालणं सोडतात आणि कारण कुणालाच सांगत नाहीत. दोन-तीन बाळंतपणांनंतर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात, एवढंच त्याचं कारण. त्यावर व्यायाम आहे. लघवी अडवून धरताना जे स्नायू आत ओढतो तेच आत ओढायचे, पाच आकडे मोजायचे, सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. बसल्या जागी करता येतो, बघणाऱ्याला कळतही नाही. तीन महिने चिकाटीनं करा. तरी फरक नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगायला लाजू नका.

आणखी एक. थोड्याशा चालण्यानं धाप लागते, छाती धडधडते, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. आधी हिमोग्लोबिन तपासा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्त कमी निघालं होतं. आणि चालताना छातीत, जबड्यात, पाठीत किंवा हातात कळ आली, दरदरून घाम फुटला, मळमळून आलं तर तिथेच थांबा आणि तडक दवाखाना गाठा. बायकांचा हृदयविकार पुष्कळदा ‘पित्त झालंय’ म्हणून घरातच जिरवला जातो. ब्लडप्रेशर, मधुमेह, हृदयाचं दुखणं आधीपासून असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

आता तो अर्धा तास

चालणं कुणाला नको असतं? अडतं ते ह्याच्यापाशीच. आणि अडवणारं कुणी बाहेरचं नसतं. घरातलं कुणी ‘जाऊ नकोस’ म्हणत नाही. पण पायात बूट घातले की नेमका कुणाचा तरी मोजा सापडत नाही, कुणाला तरी चहा हवा असतो. आणि आपणच बूट काढतो.

म्हणून माझं सांगणं असं. ‘मी जाऊ का?’ असं विचारू नका. ‘सहा ते साडेसहा मी बाहेर असते’ असं सांगून टाका. चौदा वर्षांपुढच्या मुलाला चहा करता यायला हवा, पोळी गरम करता यायला हवी. वीस वर्षांच्या मुलीला आणि मुलालासुद्धा स्वतःचा डबा भरता यायला हवा. पहिले आठ दिवस चहा उतू जाईल, गॅस खराब होईल, ‘आई, साखर कुठंय?’ म्हणून फोन येतील. येऊ देत. उद्या ही मुलं नोकरीसाठी परगावी गेली की त्यांना हा चहाच उपयोगी पडणार आहे. रात्री कणीक मळून, भाजी चिरून ठेवली की सकाळचा निम्मा जीव हलका होतो.

आणि सकाळच हवी, असा काही नेम नाही. मुलीच्या क्लासबाहेर गाडीवर बसून तासभर वाट बघणाऱ्या आया मी रोज बघते. मोबाइल पर्समध्ये ठेवून शेजारच्या मैदानाला फेऱ्या माराव्यात की! संध्याकाळची मालिका आवडती असेल तर जाहिराती लागल्या की घरातच फेऱ्या माराव्यात. नोकरी करणाऱ्यांनी बस एक थांबा आधी सोडावी. पावसाळ्यात इमारतीच्या जिन्याखालची जागा, मंगल कार्यालयाचा रिकामा व्हरांडा, काहीही चालतं.

मुलांना सोबत नेता आलं तर फारच छान, पण ओढून नेऊ नका. माझा मुलगा बारावीला होता तेव्हा घरात ‘हं’ आणि ‘नाही’ ह्यापलीकडे बोलत नसे. एका संध्याकाळी कंटाळला म्हणून माझ्याबरोबर मैदानावर आला. तीन फेऱ्या झाल्या, आम्ही दोघंही गप्प. चौथ्या फेरीत खाली मान घालूनच म्हणाला, “आई, मला इंजिनिअरिंगला नाही जायचं.” मी पाय थांबवले नाहीत. “बरं, मग काय करावंसं वाटतं?” एवढंच विचारलं. पुढच्या पाच फेऱ्यांत त्यानं सहा महिन्यांचं मनातलं सांगून टाकलं. वडिलांना कसं सांगायचं, हेही आमचं त्या मैदानावरच ठरलं. जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसवून विचारलं असतं तर हे बाहेर आलं नसतं. चालताना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, त्यामुळे वाढत्या वयाच्या मुलांना बोलणं सोपं जातं. आपणही डोळे मोठे करत नाही!

मुलं दूर गेली असतील तर घर खायला उठतं. अशा वेळी दोन मैत्रिणी गाठा. एकटीचा नेम मोडतो, पण ‘ती खाली वाट बघत असेल’ म्हटलं की पाय आपोआप उचलले जातात.

सहा आठवड्यांचा बेत

पहिला आठवडा: रोज १० मिनिटं, पाच दिवस. वेग आपल्या मनासारखा.
दुसरा आठवडा: १५ मिनिटं.
तिसरा आठवडा: २० मिनिटं. मधली १० मिनिटं जरा भरभर.
चौथा आठवडा: २५ मिनिटं. जोडीला खुर्चीचा आणि टाचांचा व्यायाम दोन दिवस.
पाचवा आणि सहावा आठवडा: ३० मिनिटं. पहिली आणि शेवटची पाच मिनिटं संथ, मधली वीस बोलता येईल पण गाता येणार नाही अशा चालीनं.

मध्ये पाहुणे येतील, सण येतील, कुणाला ताप येईल. चार दिवस बुडाले तर ‘आता काय उपयोग’ म्हणू नका. जिथे सोडलं त्याच्या एक आठवडा मागे जाऊन पुन्हा धरा. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दूध आणि गॅस सिलिंडरची नोंद आपण करतोच. त्याच चौकोनात चाललेल्या दिवशी एक बारीकशी फुली मारा.

जाऊबाई आता काठी घेऊन अंगणात दहा मिनिटं चालतात, सूनबाई बरोबर असते. सूनबाई पस्तिशीची आहे. “तू आत्ताच धर गं बाई नेम, माझ्यासारखी वाट बघू नकोस,” असं त्या तिला रोज बजावतात.

तुमच्यापैकी कुणी हा अर्धा तास कसा मिळवला, घरच्यांनी काय म्हटलं, तेही आम्हाला अवश्य कळवा. आणि आज रात्री निजण्यापूर्वी एवढंच करा: बूट दाराशी काढून ठेवा, आणि चहा-साखरेचे डबे घरातल्या सगळ्यांना एकदा दाखवून ठेवा.